हौद्यात कोण बसणार

सातपाटी, ७ जुलै २०२५

चि. धर्मेश,

दोन वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. फोन करत होते, तू उचलत नव्हतास, आणि तेवढ्यावर मी स्वतःची सुटका करून घेत होते. वेरावळचा तुझा पत्ता जिव्या तांडेलाकडे आहे, हे मला होळीपासून माहीत होतं. त्याच्या दारावरून रोज जाते. विचारला मात्र परवा.

विचारला, कारण काम निघालं. वाचून तुला राग येईल, पण खोटं कशाला लिहू? बायकांचा गट गाडी घेतोय. आई, रखमामावशी, शेजारची हेमाली, सगळ्या मिळून बारा जणी. मासळी न विकणारी तेरावी मी एकटी. बोईसरच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी सांभाळून गटाची सचिव झाले, ती केवळ मला अर्ज भरता येतात म्हणून. बँकेचं काम झालं आहे. पावसाळ्याची मासेमारी बंदी उठून होड्या समुद्रात जायच्या आत गाडी दारात हवी, असं बायकांचं म्हणणं आहे, आणि कागदावर सही माझी लागणार आहे.

दोन गाड्या बघितल्यात. एक बोईसरच्या रामकिसन साहेबांची जुनी एसयूव्ही. ते वीज केंद्रातून निवृत्त झाले, परभणीकडे गावी परत निघालेत. गाडी जुनी आहे, पण घरात ठेवल्यासारखी ठेवली आहे. ड्रायव्हर धरून आठ माणसं बसतात. दुसरी पालघरच्या प्रफुल्लची पिकअप. चार वर्षांची, इंजिन चांगलं. तुला गाड्यांतलं कळतं म्हणून विचारते: कोणती घ्यावी?

एवढंच विचारायचं होतं, असं लिहून पत्र बंद करणार होते. पण मग तू म्हणशील, ताई नेहमीसारखी अर्धंच बोलते.

तुला वाटत असेल, उमरोळीच्या वळणावर मावशीचा हात गेल्यावर बायका पिकअपच्या हौद्यात बसायच्या थांबल्या असतील. नाही थांबल्या. काही दिवस घरी राहिल्या. मग दुसऱ्या कुणाच्या पिकअपमध्ये बसायला लागल्या. मावशीसुद्धा. ती आता मधोमध बसते. एका बाजूने हेमाली तिला धरते, दुसऱ्या बाजूने आई. डावा हात टोपलीवर असतो.

मी आईला म्हटलं, मासळी पिकअपने जाऊ दे, तुम्ही बसने जा. आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला मूल स्टेशनवर ठेवून ये म्हटलं होतं. "टोपली सोडून जायचं? बर्फ कोण बघंल? वरची पापलेटं खाली नि खालची वर झाली, तर गिऱ्हाईक मला बोलंल का गाडीला?" बंदरावर टोपली भरली की बोईसरच्या बाजारात उतरेपर्यंत बाई तिच्याशेजारी बसते. तिच्या आईने तेच केलं, सासूने तेच केलं. तुला हे सांगायला नको, पण मला लिहून बघावं लागतं, तेव्हा कुठे कळतं की मी कशाशी भांडते आहे.

पिकअपवर सही केली तर त्या हौद्यात बसणार. हे मला माहीत असताना मी सही करायची का? मला झोप लागत नाही ती यामुळे.

उत्तर दे. गाडीबद्दल दिलंस तरी चालेल.

ताई


१३ जुलै

धर्मेश,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण आज एसयूव्ही चालवून बघितली आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही.

रामकिसन साहेबांनी गाडी स्वतः सातपाटीला आणली. सोबत त्यांच्या पत्नी, सुगंधाताई. गाडीच्या सीटवर पांढरे अभ्रे, समोर छोटा गणपती. आईने ठरवल्यासारखी सुक्या बोंबलांची भरलेली टोपली घेतली आणि सरळ मधल्या सीटवर जाऊन मांडीवर ठेवली.

"अहो बाई, ती मागं डिकीत ठेवू," रामकिसन साहेब म्हणाले.

"मंग मी पन डिकीत बसते," आई म्हणाली.

हेमालीने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "साहेब, गावी पोचेपर्यंत तुमच्या नाकात बोंबील राहनार हाय. बाईंना बोला, अत्तराची बाटली घेऊन ठेवा."

सुगंधाताई हसल्या, साहेब हसले नाहीत. त्यांचा मुलगा या गाडीतून परीक्षेला जायचा, मुलीची पाठवणी यातूनच झाली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून बोलतो. ही घरची गाडी आहे. हिच्यात धंदा करायचा तर परवान्याचं बघावं लागेल. आणि पुढच्या वर्षी हिची नोंदणी संपतेय." विकणारा माणूस स्वतःहून उणं सांगतो, त्याचं मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. तो गप्प बसला असता तर मी कदाचित सही करून मोकळी झाले असते.

शिरगावपर्यंत जाऊन आलो. धक्का नाही, आवाज नाही. आईचे गुडघे दुखले नाहीत. मला वाटलं, हेच. दार बंद होतं, पट्टा लागतो, कुणी खाली पडत नाही. बाकीचं बघून घेऊ.

खाली उतरल्यावर मावशीने मला विचारलं, "ड्रायव्हर सोडून किती जनी बसल्या?"

"सात."

"नि टोपल्या मांडीवर. सुक्याच्या. वल्या मासळीचं पानी गळंल ते यांच्या गादीवर. बरं, ते जाऊ दे. र्‍हायलेल्या पाच जनी कशानं येतील?"

मी म्हटलं, दोन फेऱ्या करू.

"दुसऱ्या फेरीची मासळी बाजार उठल्यावर पोचंल. त्या पाच जनी काय थांबतील? दुसऱ्याच्या हौद्यात चढतील. तू सात जनींना वाचवलंस, गो बाय. पाच कोन टाकायच्या, त्यांची नावं पन तूच लिव्ह."

ती टोमणा मारत होती. तिला पिकअपच हवी आहे, कारण एसयूव्हीत चढताना तिला धरायला डाव्या बाजूला काही नाही. पण टोमणा मारणाऱ्याचं म्हणणं चूक असतंच असं नाही. मी संध्याकाळभर त्या पाच नावांचा विचार करत राहिले आणि प्रत्येक वेळी आईचं नाव सातात टाकत होते. तेव्हा मला माझी लाज वाटली.

निघताना मावशीने आणखी विचारलं होतं, "नि चालवनार कोन?"

मी म्हटलं, बघू.

ताई


१९ जुलै

धर्मेश,

तुझा निरोप जिव्याच्या फोनवर आला. "मोठी गाडी घ्या. पिकअप नको." बस. त्याने तो मला बंदरावर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मी घरी आले आणि तेवढ्याच शब्दांत तू कसा आहेस, जेवतोस का, हे शोधत बसले.

आता आजचं लिहिते. नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश.

प्रफुल्लने पिकअप आणली. मी आधीच सांगितलं होतं, रिकामी चालवून बघायची, कुणी चढायचं नाही. मी आत त्याचे कागद बघत होते. बाहेर आले तर सहा जणी हौद्यात. कुणी ठरवलं नव्हतं. गाडी दिसली, मागचा फाळका उघडा होता, आणि पाय आपोआप चढले. टोपल्यासुद्धा होत्या, रिकाम्या. रिकाम्या टोपलीशेजारी बसल्या होत्या, धर्मेश.

मी म्हटलं, उतरा. आई म्हणाली, पालघरपर्यंतच. हेमालीने केबिनच्या टपावर निघायची थाप मारली आणि प्रफुल्लने गाडी काढली.

मी स्कूटर घेऊन मागे निघाले. त्या पालघरला थांबल्या नाहीत. पाऊस नव्हता, पण रस्ता ओला होता. गाडीच्या मागे राहायचं की पुढे जाऊन अडवायचं, हे मला ठरवता येईना. पुढे गेले आणि त्याने जोरात ब्रेक मारला तर? मागे राहिले आणि कुणी पडलं, तर माझंच चाक. मी अंतर ठेवून चालवत होते आणि पूर्ण वेळ फाळक्याच्या कडीकडे बघत होते. बायका गात होत्या. उमरोळीचं वळण आलं तसं गाणं थांबलं. मावशीच्या रिकाम्या बाहीचं टोक वाऱ्याने उडालं आणि तिने ते दातात धरलं. एकमेव हात टोपलीवर होता. तो तिने काढला नाही.

काही झालं नाही. त्या बोईसरला उतरल्या, चहा प्यायल्या. प्रफुल्ल म्हणाला, "बघितलं ना मॅडम, गाडी कशी पकडून चालते." मी चहा न घेता फाळक्याची कडी ओढून बघत होते.

संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर बैठक. मी सांगितलं, पिकअपवर सही करणार नाही. तुमचा सचिव दुसरा निवडा.

मग जे व्हायचं ते झालं. एक म्हणाली, हिला महिन्याला पगार येतो, हिला काय? दुसरी म्हणाली, भाऊ पळाला, आता बहीण पळते. आई गप्प होती. दोन वर्षं ती या वाक्याला गप्पच असते, तुला माहीत नसेल. आणि मग ते नेहमीचं कुणीतरी काढलंच: "पुढची सीट रिकामी असून म्हाताऱ्या बाईला मागं बसवलं त्यानं."

हेच वाक्य ऐकून तू गेलास. मीही ते मनात धरून होते. तू त्या दिवशी उशिराच्या मासळीला पिकअप घेऊन गेलास, हौद्यात एकटी मावशी होती, शेजारची सीट रिकामी. फाळका निसटला, ती पडली, मागच्या रिक्षाचं चाक तिच्या हातावरून गेलं. तू म्हाताऱ्या बाईला पुढे का घेतलं नाहीस, याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस.

मावशी खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "थाप मी मारली."

कुणाला काही कळलं नाही.

"त्या दिवशी. टपावर. धर्मा खाली उतरून माझ्याकडं आलेला. बोलला, मावशे, कडी सैल वाटते, पुढं चल. मी बोलली, टोपली हितं नि मी तितं? दोनदा बोलला. मी नाय उठली. मंग तो जाऊन बसला, पन गाडी काय काढी ना. बाजार उठायला आलेला. मंग मारली थाप."

आई उभी राहिली. मला वाटलं, ती मावशीला मारते की काय. "दोन वरसं, रखमे? दोन वरसं माझ्या पोराला गाव खातोय नि तू तोंडात मीठ धरून बसलीस?"

"मला कोनी विचारलं?" मावशी म्हणाली. "सगळी त्यालाच विचारत होती."

मग हेमालीने, जिला गप्प बसणं कधी जमलं नाही, हळूच विचारलं, "म्हंजे मावशे, तू त्याला माफ केलंस?"

"माफ कसलं? कडी सैल दिसली तर गाडी काढायची नाय. मी शंभर थापा मारीन. गाडी त्याच्या हातात होती." मग ती माझ्याकडे वळली. "पन ऐक. टोपली सोडून बसनं जायचं बोलतेस ना? मी जाईन. माझी टोपली मी धर्माच्या हातात देईन. दुसऱ्या कोनाच्या नाय. मला टोपलीपासनं उठवायला बघनारा तो एकच निघाला."

यानंतर जे झालं ते मी कधी बघितलं नव्हतं. बायका एकेक करून बोलायला लागल्या. धर्मा असेल तर मीही देईन. मीही. ज्यांनी घटकेपूर्वी तुला पळपुटा म्हटलं, त्याच. फक्त एक बाई म्हणाली, मी कुणाला देणार नाही, पोटचा असला तरी.

ती आपली आई.

आता मी लपवलेलं सांगते. पहिलं पत्र लिहिण्याआधीच मावशी मला म्हणाली होती, धर्माला बोलाव. मला वाटलं, तिला तुला समोर उभा करून बोलायचं आहे, म्हणून मी ते तुला लिहिलं नाही आणि गाडीचा सल्ला विचारला. आता बैठकीने पिकअप ठरवली आहे, तू चालवशील या अटीवर. आणि मला स्वतःवर विश्वास नाही: मी होकार द्यायला लागले आहे तो बायकांसाठी, की तू परत यावास म्हणून? दुसरं असेल, तर मी बारा जणींना माझ्या भावाच्या बदल्यात त्या हौद्याशेजारी उभं करते आहे. अजून सही केलेली नाही.

ताई


२७ जुलै

धर्मेश,

काल तू फोन केलास. तू बोललास ते इतकं कमी होतं की मी ते पुन्हा लिहून काढते, चुकलं असेल तर सांग.

तू विचारलंस, "मावशी सगळ्यांसमोर बोलली?" मी हो म्हटलं. मग म्हणालास, "ताई, त्या आज शपथ घेतील. ऑगस्टात सुरमई लागली, उशीर झाला की चढतील. आणि थाप पडली की माझा पाय आपोआप जातो. मला माझी भीती वाटते, त्यांची नाही. मागे कुणी बसूच शकणार नाही अशी गाडी दाखव, मग बघतो." फोन ठेवलास. येतोस की नाही ते सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

मी तुझं म्हणणं तसंच्या तसं बैठकीत सांगितलं. "मला माझी भीती वाटते" हेही सांगितलं. सांगायला नको होतं का? पण ते ऐकून मावशीने मान डोलावली, आणि त्या एका मान डोलावण्यावर मी आज सकाळी पिकअपची सही केली. रामकिसन साहेबांना फोन करून नाही म्हटलं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. म्हणाले, मग गावीच घेऊन जातो, बायकोचा जीव आहे तिच्यात.

सही अशा अटीवर केली की हौदा उघडा राहणार नाही. बोईसरला विश्राम म्हणून आहे, गाड्यांच्या बॉडी बांधतो. तो पत्र्याची बंद पेटी बसवून देईल, आत थर्मोकोल, मागे एकच दार. मला वाटलं, सुटला प्रश्न. दुपारी बायकांना चित्र काढून दाखवलं.

हेमाली म्हणाली, "बेस हाय. पावसात भिजायला नाय होनार. दार जरा किलकिलं ठेवलं की वारा येईल."

ती मस्करी करत नव्हती. बाकीच्या कोण कुठे बसेल ते बोलायला लागल्या. बंद पेटीत, बर्फाशेजारी, दार दोरीने बांधून. धर्मेश, मी त्यांच्यावर ओरडले. आईवरसुद्धा. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले. "मागे कुणी बसूच शकणार नाही अशी गाडी", हे तुझं वाक्य मला आता पूर्ण कळलं होतं. त्यांना सांगून, शपथ घालून, चित्र दाखवून काहीही होणार नाही. जागा असेल तर त्या बसणार.

थोड्या वेळाने आई आली, शेजारी बसली. म्हणाली, "ती पुढची सीट. तिच्यावर कोन बसनार?"

मी म्हटलं, कुणीतरी बसेल. एकीला जागा आहे.

"मी बसनार. माझी टोपली मागं जाऊ दे पेटीत. पन मी पुढं बसनार, त्याच्या बाजूला. नि सांग त्याला, थाप मारायची तर मी त्याच्या पाठीत मारीन, टपावर नाय."

ती पदर तोंडाला लावून आत गेली. तुला हे कळवायला तिने सांगितलेलं नाही. मी कळवते आहे.

बंदी उठायला थोडेच दिवस उरले आहेत. पहिल्या मासळीला तू नसलास तर प्रफुल्ल स्वतः चालवेल म्हणतो, आणि मग टोपल्या कुणी सोडणार नाही, हे मला माहीत आहे. पण मी तुला यासाठी ये म्हणणार नाही. एवढंच म्हणते की गाडी तू सांगितलीस तशी करून ठेवते. ती बघायला ये. बघून परत गेलास तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण मी अडवणार नाही.

आईची टोपली मी आत्ता मोजपट्टीने मोजली. मावशीची आणि हेमालीचीही मोजून आणली. मी काय करते आहे ते त्यांनी विचारलं नाही.

उद्या: कामावर जाण्याआधी विश्रामकडे जाऊन सांगणे की पेटीत तळापासून छतापर्यंत लोखंडी फळ्या हव्यात, दोन फळ्यांमध्ये टोपली जाईल आणि बाई जाणार नाही एवढंच अंतर.

ताई